यंत्रमानव : उगम व महाराष्ट्रातील वाटचाल

यंत्रमानव (रोबॉट) : आज्ञावलीनुसार आपल्या अवयवांची हालचाल करून वस्तू उचलणे, हलविणे, जोडणे, कापणे यांसारखी कामे करणारे आणि आज्ञावली बदलली असता निराळे काम करू शकणारे यंत्र. या व्याख्येतील उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. कापड गिरणीतील माग किंवा वृत्तपत्राचे छपाई यंत्र पुष्कळ अंशी स्वयंचलित असते; परंतु ते जन्मभर एकच काम करते, म्हणून त्यास यंत्रमानव म्हणत नाहीत. उलटपक्षी मनुष्याची आकृती असणे ही यंत्रमानवाची अट नाही. कारखान्यांतील बहुसंख्य यंत्रमानव म्हणजे जमिनीला जखडलेला एक हात असतो. त्यास डोके नसते, पाय नसतात. यांखेरीज माणसाने दुरून चालवावयाची यंत्रे हा एक तिसरा वर्ग आहे. काटेकोर व्याख्येत तो बसत नाही. पण तंत्राच्या व इतिहासाच्या दृष्टीने तो यंत्रमानवापासून वेगळा काढता येत नाही. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर या विषयाचा आरंभ त्या तिसऱ्या वर्गापासूनच करावा लागतो.

‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या आर्. यू. आर्. या १९२० मध्ये लिहिलेल्या नाटकातून रूढ झाला. १९२१ मध्ये प्राग येथील राष्ट्रीय रंगमंदिरात त्याचा प्रयोग झाला. शब्द सुचविला तो चापेकचा चित्रकार भाऊ योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे भूदासाने जमीनदाराच्या शेतावर विनामोबदला करावयाचे सक्तीचे काम. मराठीत त्यास नेमका प्रतिशब्द आहे, तो म्हणजे वेठ. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही वेठ १८४८ मध्ये कायद्याने बंद झाली. आपल्याकडे वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा केंद्रीय अधिनियम १९७६ चा आहे. चापेकच्या नाटकातील रोबॉट मुळी धातूचे नव्हतेच. ते रासायनिक रीतीने निर्माण केलेले, माणसासारखे दिसणारे मजूर होते. मराठीतील ‘यंत्रमानव’ या शब्दात यंत्र आले आणि मानवही आला, पण वेठीचा अर्थ मात्र गळाला. तो ध्यानात ठेवला म्हणजे पुढील इतिहासाचा उलगडा सोपा होतो. कारण यंत्रमानवाच्या बाबतीत खरा प्रश्न तो माणसासारखा दिसतो किंवा नाही हा नसून, माणसाचे कोणते काम त्याच्यावर सोपवावयाचे हा आहे.

पूर्वेतिहास : आपोआप हलणाऱ्या पुतळ्यांची कल्पना जुनी आहे. भोज राजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील समराङ्गणसूत्रधार या ग्रंथात यंत्रविधानावर एक स्वतंत्र अध्याय असून त्यात लाकडी सेवक, द्वारपाल व नाचणाऱ्या बाहुल्या यांचे वर्णन आहे. अल्-जझारी या यंत्रकाराने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पाण्याच्या प्रवाहावर चालणारी वाजंत्री मंडळी आहेत. या रचना राजदरबाराच्या करमणुकीसाठी होत्या. त्यांचा उद्योगाशी सांधा जुळला तो फ्रान्समध्ये. धान्य टिपून पचविल्याचा आभास निर्माण करणारे यांत्रिक बदक दाखवून झाक व्होकाँसाँ याने १७३९ च्या सुमारास पॅरिसला चकित केले. त्याच व्होकाँसाँने पुढे रेशीम उद्योगाचा निरीक्षक या नात्याने १७४५ मध्ये स्वयंचलित मागाची रचना केली. तिचाच आधार घेऊन झोझेफ मारी झाकार याने १८०४ मध्ये भोके पाडलेल्या पत्त्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारा माग सिद्ध केला. कोणता धागा उचलावयाचा हे पत्त्यातील भोक ठरविते. पत्ते बदलले की नक्षी बदलते. यंत्राला लिखित आज्ञा देण्याचे हे पहिले यशस्वी उदाहरण होय.

गिरणगाव : यंत्र आणि कामगार यांचा संबंध मुंबईस यंत्रमानवाच्या फार आधी परिचित झाला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा भाग धुराड्यांनी भरून गेला. येथील विणाईच्या साचाखात्यात एका विणकराने दोन माग सांभाळावयाचे, ही रीत बसली होती. १९२०–३० या दशकात जपानी मालाची स्पर्धा वाढली, तेव्हा काही मालकांनी एका विणकराकडे तीन माग व कताई करणाऱ्याकडे पूर्वीच्या दुप्पट चात्या देण्याचा प्रयत्न केला. ‘रॅशनलायझेशन’ हा शब्द तेव्हापासून गिरणगावात परवलीचा झाला. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपामागे वेतनकपातीबरोबर हेही एक प्रमुख कारण होते. अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारखा प्रत्यक्ष गिरणीत काम केलेला मनुष्य अध्यक्ष असलेली ‘गिरणी कामगार युनियन’ याच संपात उदयास आली. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे : साचाखात्यातील वाद यंत्राविरुद्ध नव्हता. माग तेच होते. जितके माग वाढतील तितके विणकर घरी जाणार आणि राहिलेल्यांना वाढीव श्रमाचा वाढीव मोबदला मिळेलच याची शाश्वती नाही, ही कामगारांची तक्रार होती.

ज्यांचे काम सर्वांत आधी गेले, त्या स्त्रिया होत. नळ्या भरणे व सुताच्या लडी करणे ही खाती बहुतांशी त्यांची होती आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. या खात्यांत वेगवान यंत्रे आली, स्त्रियांना रात्रपाळीची बंदी झाली, प्रसूतिभत्त्याचा भार मालकांवर आला आणि हे प्रमाण सतत घटत गेले. संप झाले ते पुरुषांच्या खात्यांच्या प्रश्नांवर. स्त्रियांची खाती मात्र फारसा गाजावाजा न होता ओस पडली.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगारांनी पुकारलेल्या संपाची कारणे वेगळी होती. वेतनवाढ, बोनस आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमानुसार एकाच संघटनेस मिळालेली मान्यता, हे त्यातील मुद्दे होते. त्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि प्रगत यंत्रांनी गिरणी कामगारांचे काम हिरावले, असा समज पुढे रूढ झाला. तो अर्धसत्य आहे. मुंबईचे कापड गेले ते मुख्यतः भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील यंत्रमागांवर. ते माग बहुधा साधे, कित्येकदा जुने विकत घेतलेले होते. स्वस्त ठरले होते ते यंत्र नव्हे, तर त्यावर बारा-बारा तास उभा राहणारा, संघटना नसलेला मजूर. माणसाची मजुरी यंत्राच्या किमतीहून स्वस्त असेल, तेथे यंत्रमानव येत नाही, हा अर्थशास्त्राचा नियम महाराष्ट्रात अशा रीतीने उलट बाजूने सिद्ध झाला.

औद्योगिक यंत्रमानवाची रचना : जॉर्ज डेव्हॉल या अमेरिकी संशोधकाने १९५४ मध्ये अर्ज केलेल्या आणि १९६१ मध्ये मंजूर झालेल्या एकस्वावरून जोसेफ एंगलबर्गर याच्या सहकार्याने ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव तयार झाला. १९६१ मध्ये न्यू जर्सी राज्यातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो कामास लागला. साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलून थंड द्रवात टाकणे हे त्याचे काम. त्याचे वजन सुमारे १,८०० किग्रॅ. असून हातास लागणारी शक्ती तेलाच्या दाबाने पुरविली जाई व कामाचा क्रम चुंबकीय पिंपावर नोंदलेला असे. १९६९ पासून जपानमध्ये कावासाकी कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले आणि पुढील वीस वर्षांत जपान या क्षेत्रात अग्रेसर झाला.

सर्वसाधारण यंत्रमानवी हातास खांदा, कोपर व मनगट यांच्याशी तुल्य असे सांधे असतात. अवकाशातील कोणत्याही बिंदूशी कोणत्याही दिशेने पोहोचण्यासाठी सहा स्वतंत्र हालचाली पुरतात, म्हणून सहा सांध्यांचा हात सर्वांत अधिक आढळतो. प्रत्येक सांध्यास विद्युत् चलित्र जोडलेले असते व सांधा किती फिरला हे मोजणारा संवेदक ती माहिती नियंत्रकाकडे परत पाठवितो. इष्ट स्थिती व प्रत्यक्ष स्थिती यांतील फरक शून्य होईपर्यंत चलित्रास संदेश मिळत राहतो. यासच पुनःप्रदाय म्हणतात. मनगटाच्या टोकाला चिमटा, वितळजोडकामाचे साधन, रंगाचा फवारा किंवा निर्वाताने वस्तू धरणारी वाटी बसविता येते. काम शिकविण्याची जुनी व अजूनही प्रचलित पद्धत अगदी साधी आहे : कुशल कामगार यंत्राचा हात एकदा हव्या त्या मार्गाने नेऊन दाखवितो, नियंत्रक तो मार्ग स्मृतीत साठवितो आणि मग तीच हालचाल थकवा न येता लाखो वेळा होते. अर्थात ज्याने शिकविले, त्याचेच हात त्यानंतर मोकळे होतात. आयझॅक ॲसिमॉव्ह यांनी १९४२ मधील एका कथेत मांडलेले यंत्रमानवाचे तीन नियम सुप्रसिद्ध आहेत. परंतु या मुद्याविषयी ते नियम काही सांगत नाहीत.

तुर्भे येथील दूरहाताळणी : महाराष्ट्रात या तंत्राचे पहिले भक्कम ठाणे कापड वा मोटारी तयार करणाऱ्या कारखान्यात नव्हे, तर तुर्भे येथील अणुसंशोधन संस्थेत निर्माण झाले. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेस १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव आहे. अप्सरा (१९५६) व सायरस (१९६०) हे विक्रियक म्हणजे अणुभट्ट्या तेथे सुरू झाल्या. सायरसमधील वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारे संयंत्र १९६४ मध्ये कार्यान्वित झाले. विक्रियकातून बाहेर काढलेले इंधन इतके तीव्र किरणोत्सर्गी असते की, त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहणेही प्राणघातक ठरते. येथे मजुरी स्वस्त की महाग हा प्रश्नच उद्भवत नाही. कितीही मोबदला दिला तरी माणसाचा हात तेथे पोहोचवता येत नाही.

अशा पदार्थांवरील काम जाड काँक्रीट भिंतींच्या बंदिस्त कोठीत केले जाते. भिंतीतील खिडकीला शिसेयुक्त काचेचे जाड थर असतात. त्यांतून आतले दृश्य किंचित पिवळसर दिसते. खिडकीसमोर उभा असलेला तंत्रज्ञ दोन मुठी हातांत धरतो. तो मूठ जशी वळवितो, तसाच भिंतीपलीकडील यांत्रिक हात वळतो. तो चिमटी मिटतो, तशी पलीकडची दोन पोलादी बोटे मिटतात. भिंतीत वरच्या बाजूस बसविलेल्या नळीतून जाणाऱ्या तारदोरांनी व पट्ट्यांनी ही हालचाल पोहोचविली जाते. या रचनेचा आद्य नमुना शिकागोजवळील आरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ याने १९४०–५० या दशकाच्या अखेरीस तयार केला. १९५४ च्या सुमारास त्याने तारदोरांऐवजी विद्युत् चलित्रांचा उपयोग करून दाखविला. जुन्या यांत्रिक जोडणीचा एक मोठा गुण असा की, पलीकडे उचललेल्या वस्तूचे वजन व तिचा प्रतिकार अलीकडच्या हातास जाणवतो. बाटलीचे झाकण आटे धरून बसले आहे की तिरके अडकले आहे, हे अनुभवी तंत्रज्ञास डोळ्यांपेक्षा हातालाच आधी कळते.

असे हात परदेशांतून आणण्यावर अवलंबून न राहता भाभा अणुसंशोधन केंद्राने ते स्वतः अभिकल्पित केले आणि त्यांचे तंत्र भारतीय उद्योगांना दिले. केंद्रात दूरहाताळणी व रोबॉटविद्या यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. विद्युत् चलित्रांवर चालणारे हातही पुढे तेथे विकसित झाले.

या अनुभवाचा मोठा उपयोग दाबित जड पाण्याच्या विक्रियकांसाठी झाला. या प्रकारच्या २२० मेगॅवॉटच्या विक्रियकात झिर्कोनियमाच्या मिश्रधातूच्या ३०६ आडव्या दाबनलिका असतात. तारापूर येथे २००५ व २००६ मध्ये उत्पादन सुरू केलेल्या ५४० मेगॅवॉटच्या दोन विक्रियकांत त्या प्रत्येकी ३९२ आहेत. या नलिकांतील इंधन विक्रियक चालू असतानाच बदलावे लागते. त्यासाठी नलिकेच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र येऊन भिडते, बूच काढते, एकीकडून नवे इंधन ढकलते व दुसरीकडून जुने काढून घेते. ही यंत्रे दिसावयास रणगाड्यासारखी असली, तरी व्याख्येप्रमाणे तीही यंत्रमानवच ठरतात. कालांतराने दाबनलिका इंधनाच्या भाराने किंचित वाकते. ती बाहेरच्या थंड नलिकेस टेकली, तर त्या जागी हायड्रोजन साठून धातू ठिसूळ होतो. कॅनडातील पिकरिंग येथील दुसऱ्या विक्रियकात १ ऑगस्ट १९८३ रोजी अशी एक नलिका फुटली. त्यानंतर नलिकांची आतून तपासणी करणे अटळ झाले. यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘बार्सिस’ नावाची यंत्रणा विकसित केली. तिचे तपासणी शीर्ष नलिकेत सरकत जाऊन श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भित्तीची जाडी व त्यातील चिरा शोधते, नलिकेचा बाक मोजते आणि दोन नलिकांना अलग ठेवणारी कडी जागेवर आहेत की सरकली आहेत, हे आवर्त विद्युत् प्रवाहाने ताडते. राजस्थानातील रावतभाटा येथील दुसऱ्या विक्रियकाच्या सर्व दाबनलिका १९९०–२००० या दशकात बदलण्यात आल्या, तेव्हा दुरून चालविण्याची हत्यारे देशातच तयार केलेली होती. या कामाची वार्ता सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचली. यंत्रमानव म्हटले की जत्रेतील हात हलविणारा पुतळाच डोळ्यांपुढे येतो, याचे तेही एक कारण असावे.

शस्त्रक्रिया : तुर्भे येथील कोठी आणि परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाचे शस्त्रक्रियागृह यांत वरकरणी काही साम्य नाही, तत्त्व मात्र एकच आहे. अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळालेल्या ‘दा व्हिंची’ या यंत्रणेत शल्यविशारद रुग्णापासून काही अंतरावर बसतो, त्रिमितीय दृश्य पाहतो आणि मुठी हलवितो. रुग्णाच्या शरीरात लहान छिद्रांतून गेलेली हत्यारे त्या हालचाली लहान प्रमाणात व हाताचा कंप गाळून करतात. यंत्र स्वतः काहीही ठरवीत नाही. म्हणून ‘रोबॉटने शस्त्रक्रिया केली’ हा वृत्तपत्री प्रयोग चुकीचा आहे. गोर्ट्झच्या तारदोरांनी हातास जो स्पर्श पोहोचविला होता, तो या यंत्रणेच्या पहिल्या अनेक पिढ्यांत हरवला होता. ऊती किती ताणली गेली हे शल्यविशारदास केवळ डोळ्यांनी ओळखावे लागे. मुंबईत अशा शस्त्रक्रिया टाटा स्मारक रुग्णालयाप्रमाणेच गिरगावातील सर एच. एन. रिलायन्स फाउंडेशन रुग्णालयातही होतात. खर्च मोठा असल्याने सामान्य रुग्णास त्या अद्याप दुर्लभ आहेत.

कारखाने : मोटार उद्योगाच्या निमित्ताने पुणे, पिंपरी व चाकण या पट्ट्यात वितळजोडकाम व रंगकाम करणारे यंत्रमानव आले. चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० पासून डॅनिश बनावटीचे सहयोगी यंत्रमानव वापरात आले व त्यांची संख्या शंभरावर गेली. सहयोगी म्हणजे कुंपणाबाहेर, कामगाराच्या शेजारी उभे राहणारे. माणसाचा धक्का लागताच ते थांबतात. टाटा समूहातील टाल या कंपनीने ‘ब्राबो’ हा यंत्रमानव २०१६ मध्ये मुंबईतील प्रदर्शनात मांडला व २०१७ मध्ये बाजारात आणला. दोन व दहा किलोग्रॅम भार उचलणाऱ्या या हातांची किंमत पाच ते सात लाख रुपये होती आणि लहान कारखानदार हे त्याचे उद्दिष्ट होते. २०२३ मध्ये जगात सुमारे ५ लाख ४१ हजार औद्योगिक यंत्रमानव नव्याने बसविले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक चीनमध्ये, तर ८,५१० भारतात. भारताचा आकडा वाढता असला, तरी लोकसंख्येच्या व उद्योगांच्या मानाने तो लहान आहे. त्याचे कारण भिवंडीच्या यंत्रमागाच्या संदर्भात वर आलेच आहे.

शिक्षणक्षेत्रात मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचा ‘ई-यंत्र’ हा उपक्रम उल्लेखनीय असून त्याद्वारे देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभारण्यास साहाय्य मिळाले. ऑगस्ट २००८ मध्ये आशिया-पॅसिफिक देशांतील विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात बालेवाडी येथे भरली, तेव्हा यजमानांनी विषय दिला होता ‘गोविंदा’. विद्यार्थ्यांनी बनविलेल्या यंत्रमानवांनी उंचावरील हंड्यांतून लोणी मिळवावयाचे होते. गिरगाव-दादरच्या गल्ल्यांतील थर जपान-चीनच्या मुलांनी यंत्रांत उतरविले, आणि विजेतेपद चीनमधील शिआन ज्याओतोंग विद्यापीठाने पटकाविले.

धोक्याची कामे : मुंबई अग्निशमन दलाने २०१९ मध्ये दुरून चालविता येणारे, पाण्याचा मारा करणारे यंत्र घेतले. त्याच वर्षी २२ जुलै रोजी वांद्रे येथील महानगर टेलिफोन निगमच्या इमारतीस लागलेल्या आगीत ते उपयोगात आणले गेले. गटारे व मैलाटाक्या यांच्या सफाईत मात्र यंत्राचा प्रवेश फार उशिरा झाला. हाताने मैला साफ करविण्यास बंदी घालणारे केंद्रीय कायदे १९९३ व २०१३ मध्ये झाले, तरी गटारात उतरलेले मजूर विषारी वायूने गुदमरून मरण पावल्याच्या घटना मुंबईसह अनेक शहरांत त्यांनंतरही घडल्या. जे काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्या माथी मारले गेले, ते यंत्राकडे सोपविण्याची निकड कोणास वाटली नाही; अणुभट्टीतील नलिकेसाठी जी योजकता खर्ची पडली, तिचा अल्पांशही या कामी लागला नव्हता. २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे केरळमधील तरुण अभियंत्यांनी तयार केलेले ‘बँडिकूट’ हे यंत्र प्रथम वापरले गेले. ते आपल्या पायांवर गटाराच्या तोंडाशी उभे राहते, एक हात खाली सोडते आणि तळाचा गाळ बादलीत भरून वर आणते. पूर्वी स्वतः गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांनाच ते चालविण्याचे शिक्षण देण्यात येते. ते रस्त्यावर उभे राहून पडद्यावर आतले दृश्य पाहतात व हाताखालील दांड्या फिरवितात.